प्लॅस्टिकमधली पदवी

माझ्या पदवीचं प्रमाणपत्र हातात पडलं त्याच दिवशी संध्याकाळी बाबा ते घेऊन बाहेर गेले आणि लॅमिनेट करून आले. मला विचारलंही नाही. दोन्ही बाजूंनी जाड, चकचकीत प्लॅस्टिक, कोपरे गोल कापलेले, आणि वर प्लॅस्टिकच्या कडेला भोक पाडून ओवलेली दोरी. विश्रांतवाडीच्या आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक खिळा कायम रिकामा असायचा. तो कशासाठी ठोकून ठेवला होता, ते त्या दिवशी कळलं. पुढची पाच वर्षं आल्या-गेल्याला चहाच्या आधी ते प्रमाणपत्र दाखवलं गेलं. आमच्या गणगोतात इंजिनिअर झालेली मी पहिली, त्यामुळे पाहुण्यांची सुटका नव्हती. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं ते जरा जास्तच वेळ वाचायचे.

ते दिवस आयटीचे होते. माझ्याबरोबर सिव्हिल झालेली अर्धी मुलं तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून एसी ऑफिसात बसली होती. मी मात्र हट्टाने काँक्रीटला चिकटून राहिले. एका सल्लागाराच्या लहानशा ऑफिसात पाण्याच्या टाक्यांची डिझाइन करायचे. टाकी माझी, आकडेमोड माझी, पण साइटवर गेले की ठेकेदार माझ्या मागे बघून विचारायचा, "साहेब नाही आले?" चार वर्षं हे ऐकून कान किटले. मोठी कामं करायची तर बाहेर जायला हवं, असं मनाने घेतलं आणि सायबर कॅफेत बसून परदेशी अर्ज पाठवायला लागले.

इथे माझी पदवी भिंतीवर मिरवत होती. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. उत्तरं यायची तीही प्रश्नच असायची. अभ्यासक्रम तीन वर्षांचा की चार? विद्यापीठाला मान्यता कोणाची? हे प्रमाणपत्र खरं आहे हे कोण सांगणार? कॉलेजात मी पहिल्या पाचात होते, हे सांगायला कुठे जागाच नसायची. वर्षभराने आखातातल्या एका डिझाइन ऑफिसने फोनवर मुलाखत घेतली. पलीकडच्या माणसाने टाकीच्या भिंतीवरच्या दाबाचे तीन प्रश्न विचारले आणि कामावर कधी येऊ शकाल, हा चौथा. इतक्या सरळ कोणी मला इंजिनिअर मानलं नव्हतं.

पत्र आलं. त्यात एकच अट होती. मूळ पदवी प्रमाणपत्रावर सरकारी साक्षांकन करून सहा आठवड्यांत त्याची प्रत पाठवायची. नाहीतर जागा दुसऱ्याला.

मी दोरी सोडवून प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि असे सरकारी शिक्के मिळवून देणाऱ्या कॅम्पातल्या एका एजंटकडे गेले. टेबलामागच्या बाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे कोणी केलं?"

"वडिलांनी."

"छान केलंय. पण मॅडम, आधी मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीचा, मग वकिलातीचा. सगळे ह्याच्या पाठीवर. ते मारायचे कुठे? प्लॅस्टिकवर?"

मी प्रमाणपत्र उचललं आणि निघाले. बसमध्ये मी नखाने प्लॅस्टिकचा कोपरा खरवडत बसले. शेजारची बाई विचित्र नजरेने बघत होती. मला बाकी काही सुचत नव्हतं, सहा आठवडे, सहा आठवडे एवढंच डोक्यात चाललं होतं.

घरी पोचले तेव्हा बाबा रेडिओ दुरुस्त करत होते. मी चपलाही काढल्या नाहीत. "तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावता?" आणखीही बरंच बोलले. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्या बाबतीत आईने लहानपणापासून सांगितलेलं आहे. बाबांनी पेचकस खाली ठेवला. "मले वाटलं, टिकंल," एवढंच म्हणाले.

बाबा विदर्भातून पुण्याला आले ते एका सरकारी कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांची भाषा पुण्यात तीस वर्षं राहूनही बदलली नाही. मॅट्रिक होऊनही ते हेल्पर का लागले, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी भाकरी थापताथापता आईने सांगितलं. गावाकडच्या घरात पेटीत ठेवलेलं त्यांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट वाळवीने खाल्लं होतं. भरतीच्या साहेबाने कागद मागितला, तर ह्यांच्याकडे फक्त तोंडी सांगणं. दुसरी प्रत मिळते हे सांगणारं कोणी नव्हतं. "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो," आई म्हणाली. "तुझा कागद हातात आला तेव्हा त्यांना आधी वाळवी दिसली."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि भीतीपोटी माफी मागायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा कुठूनतरी पत्ता काढून आले. कसबा पेठेत तसबिरींना फ्रेम करून देणारे एक गृहस्थ होते, ते म्हणे लॅमिनेशन सोडवतात. आम्ही दोघं गेलो. त्या गृहस्थांनी इस्त्री तापवली, वर फडकं ठेवलं आणि एक कोपरा शेकून चिमट्याने हलकेच उचलला. प्लॅस्टिकबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला. त्यांनी लगेच हात मागे घेतला.

"ह्याच्यापुढे मी जाणार नाही. कुलगुरूंची सही प्लॅस्टिकला चिकटून येईल आणि तुम्ही माझ्या नावाने खडे फोडाल."

"थोडं अजून बघा ना, भाऊ," बाबा म्हणाले.

"बघितलं की. बघून झालं म्हणूनच सांगतोय."

उरला एकच रस्ता. विद्यापीठाकडून दुसरी प्रत. प्रतिज्ञापत्र, अर्ज, मूळ प्रमाणपत्र, सगळं घेऊन मी खिडकीपाशी उभी राहिले. आतल्या कारकुनांनी अर्ज वाचला, प्रमाणपत्र उजेडात धरलं.

"खराब झालं असं लिहिलंय. कुठे झालंय खराब? एवढा कोपरा सोडला तर माझ्या लग्नाच्या फोटोपेक्षा चांगलं आहे."

"तेच झालंय खराब," मी म्हटलं. ते हसले नाहीत. दर आठवड्याला चौकशी करा म्हणाले.

त्या आठवड्यांत माझं वजन उतरलं. कॅफेत जाऊन मेल उघडायची भीती वाटायची. एकदा पलीकडून विचारणा आली: कागदपत्रं कुठवर आली? मी 'प्रक्रियेत आहेत' असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहिलं. चौथ्या आठवड्यात मी धीर करून खरं ते कळवलं, अगदी लॅमिनेशनसकट, आणि आणखी महिनाभर मागितला. तीन दिवस उत्तर नाही. ऑफिसात टाकीच्या नकाशात मी जिना काढायचा विसरले आणि साहेबांनी विचारलं, पाणी बघायला माणूस उडत जाणार का? चौथ्या दिवशी दोन ओळी आल्या. महिना दिला होता. त्यापुढे एक दिवसही नाही.

घरी खिळा रिकामा होता. बाबा आता माझ्या कुठल्याच कागदाला हात लावत नव्हते. टेबलावर लाइटचं बिल असलं तरी आईला म्हणायचे, "तू उचल." मला ते दिसत होतं. उद्या बोलू, काम झालं की बोलू, असं करत मी दिवस ढकलले.

शेवटी, शिक्क्यांपुरते दिवस हातात उरले असताना, प्रत तयार झाल्याचं कळलं. बाबा म्हणाले, मी येतो. कारकुनांनी नवं प्रमाणपत्र दिलं. वर कोपऱ्यात 'दुय्यम प्रत' असं छापलेलं होतं, कागद करकरीत होता. मग त्यांनी जुनं लॅमिनेट केलेलं पुढे ओढलं, 'रद्द' असा शिक्का शाईत दाबला आणि माझ्या नावावर मारला. शाई प्लॅस्टिकवर पसरली. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा तसंच.

"ह्याच्यावर काहीच बसत नाही हो," ते वैतागून म्हणाले. "घेऊन जा. माझ्या वहीत रद्द झालंय, तेवढं पुरे."

बाहेर येऊन बसस्टॉपच्या बाकावर बसलो. पर्समधून चिल्लर काढायची म्हणून मी नवं प्रमाणपत्र बाबांपुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"तुह्याच हाती राहू दे. माह्या हातानं अजून काही बिघडायले नको."

साठीचा माणूस. तीस वर्षं मशीनवर ज्यांच्या हाताला चूक माहीत नव्हती, ते माझ्या एका कागदाला घाबरत होते, आणि ते माझ्यामुळे.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. जुनं प्रमाणपत्र गुडघ्यावर ठेवलं, रुमालाचं टोक जिभेने ओलं केलं आणि 'रद्द' पुसायला सुरुवात केली. सावकाश, एका बाजूने. आधी निळा डाग फिका झाला, मग खालचं माझं नाव दिसायला लागलं.

"हे मले दे," ते म्हणाले. "ह्याले माह्यानं काही होत नाही."

बस आली. मी ती जाऊ दिली. नवं प्रमाणपत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांचा हात धरून त्याच्यावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. पुढची बस येईपर्यंत हे तुम्ही धरा." त्यांनी आधी बोटं शर्टाला पुसली. मग दोन्ही हातांनी ते धरून बसले, आणि बस आली तरी उठले नाहीत.