केसरबाईंचा रेडिओ

साहेबरावांनी गुलमंडीच्या बाजारात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, तरी जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी त्यांचं नाव होतं. म्हणूनच वहिदा नावाच्या प्राध्यापिकेनं शहरात रेडिओचं छोटं संग्रहालय उघडलं, तेव्हा पहिलं बोलावणं त्यांना गेलं.

वहिदानं त्यांना सगळं फिरून दाखवलं. तारायंत्राची कळ, जुने वायरलेस संच, मग रेडिओंची रांग. एका लाकडी, काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओपाशी ती थांबली नि बटण फिरवलं. दिवा लागला, आणि जरा वेळानं बातम्या ऐकू येऊ लागल्या.

"भंगारात मिळाला, काका. एवढासा कंडेन्सर तेवढा गेला होता, बाकी सगळं शाबूत."

तिनं मागची फळी काढून दाखवली. आत पिवळी पडलेली चिठ्ठी होती : केसरबाई, फुलंब्री. अक्षर साहेबरावांचं.

त्यांचे कान तापले. दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. ते शिकले होते ट्रान्झिस्टरवर. व्हॉल्व्हचा संच त्यांना उमगत नव्हता. पण शेजारच्या दुकानदारांदेखत तसं कबूल कोण करणार? नवऱ्यामागं राहिलेल्या त्या रेडिओसाठी केसरबाई एस.टी.नं तीनदा आल्या. तिसऱ्या खेपेला साहेबरावांनी मान वर न करता सांगून टाकलं, की आतून सगळा जळालाय, घरी नेऊन उपयोग नाही. बाईंनी त्यावरचं विणलेलं झाकण तेवढं घडी करून पिशवीत घातलं नि निघून गेल्या. पुढं रेडिओ भंगारवाल्याकडं गेला.

वहिदा सत्काराची शाल घेऊन आली. साहेबरावांनी ती खांद्यावर पडू दिली नाही. खाली बघत सगळं सांगितलं. तिनं शाल घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाली, त्या बाईंना हवा असेल तर रेडिओ घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी ते फुलंब्रीला गेले नि विचारत विचारत घर गाठलं. केसरबाई ओट्यावर बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, कान पार गेलेले. साहेबराव हळू बोलले ते त्यांना ऐकूच गेलं नाही. सून रत्नमाला म्हणाली, मोठ्यानं बोला. मग भर गल्लीत, शेजारीपाजारी बघत असताना, त्यांना ओरडून सांगावं लागलं :

"मी खोटं बोललो. रेडिओ जळाला नव्हता. मलाच जमत नव्हतं."

"मला तवाच कळलं व्हतं," केसरबाई म्हणाल्या. "तू मान वर केली न्हाईस. जमंना म्हणला असतास, तर दुसरीकडं नेला असता."

संग्रहालयातला रेडिओ आणून देऊ का, असं साहेबरावांनी तसंच ओरडून विचारलं. बाईंनी कानाकडं बोट केलं आणि तिथंच राहू दे म्हणाल्या.

रत्नमालानं चहा आणला. साहेबरावांनी कप तसाच ओट्यावर ठेवला. पण बाई समोरून बघत होत्या, म्हणून त्यांनी तो उचलून रिकामा केला.