भरतीच्या वेळेचा बर्फ

आमच्या बर्फाच्या कारखान्याचा भोंगा सकाळी सहाला वाजे. तो वाजला की कामगार टाकीवरच्या लाकडी फळ्या उचलत, चेन-पुलीनं डब्यांच्या ओळी वर घेत आणि गोठलेल्या लाद्या घसरणीवरून खाली सोडत. नऊपर्यंत सगळी टाकी रिकामी होई, सगळे डबे पुन्हा गोड्या पाण्यानं भरले जात, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या भोंग्यापर्यंत कंप्रेसरच्या धडधडीशिवाय तिथे काही घडत नसे. राहिलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात झाकून ठेवत. त्यातला बराचसा बर्फ संध्याकाळपर्यंत पाणी होऊन गटारातून भाट्ये खाडीला मिळे.

या कारखान्यात मी बी.एस्सी. झाल्यावर सुपरवायझर म्हणून लागलो. आमचं गाव लांज्याच्या आत, डोंगरात. घरातला पहिला पदवीधर मी. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची, वडील मुंबईला गिरणीत होते. शाळेतल्या सरांनी रत्नागिरीच्या कॉलेजात नाव घालून दिलं नसतं, तर मीही त्याच गिरणीत चिकटलो असतो. आणि कारखान्याच्या शेठनी, अनुभव काहीच नसताना, माझ्या मार्कांच्या कागदाकडे न बघता ‘उद्यापासून ये’ म्हटलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. त्या दोघांचे उपकार मी आजही मानतो.

शेठ खाडीकाठच्या राजिवड्याचे. तरुणपणी शिडाच्या गलबतावर मलबारपर्यंत जाऊन आलेले. कारखाना त्यांनी मोठ्या हौसेनं उभारला होता. भोंगा तर खास मुंबईहून आणलेला. कामगार त्यांना शेठ म्हणत, मासेमारीच्या लाँचवरचे लोक चाचा म्हणत. मला सगळे ‘बीएस्सी’ म्हणत, काही प्रेमानं, काही चिडवायला.

मी लागलो त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर एक गोष्ट लक्षात आली. खाडीतल्या लाँच आमच्या दारावरून पुढे जात होत्या आणि वळसा घालून बंदरावरच्या नव्या कारखान्यात बर्फ भरत होत्या. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दोन लाँचचा मालक असलेला एक तांडेल. तोही गेला. मी धक्क्यावर जाऊन त्याला गाठलं. तो जाळं तपासत बसला होता.

“आमचा बर्फ वाईट आहे का?” मी विचारलं.

“बर्फ चांगलाय.”

“मग?”

“काल दशमी. भरती किती वाजता?”

माझ्या गावाला भरती नव्हती.

“तिथीला पाऊणनं गुणायचं,” तो म्हणाला. “दशमीला साडेसात. सहाला तुमचा भोंगा, लादी माझ्या हातात यायला आठ. तोवर खाडीच्या तोंडावरची वाळू उघडी पडायला लागते. मी काय लाँच डोक्यावर घेऊन जाऊ?”

“आधी चालत होतं ना?”

“आधी शीड होतं. वारा पडला तर थांबायचंच होतं, मग बर्फासाठीपण थांबायचो. आता इंजिन आहे. कोण थांबतो?” मग जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला, “चाचाला सांग, समुद्र भोंग्यावर चालत नाय.”

मी ते शेठना सांगितलं. त्यांनी ऑफिसातला टेप लावला. त्यांचा मुलगा दुबईला होता आणि पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. कॅसेटमधून आवाज आला: अब्बा, दिवाळीत येतोय. जागेला गिऱ्हाईक आहे. कारखान्याचं यंत्र भंगारात जाईल, जागेचे चांगले येतील. तुम्ही आता आराम करा.

“दिवाळीपर्यंत लाँच परत आल्या तर बघू,” शेठ म्हणाले. “नाहीतर पोरगा म्हणतो तसं.”

ते कारखान्याबद्दल बोलत होते, पण मला वडील दिसत होते. त्यांच्या गिरणीत माग इतके जुने होते की त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते. तेव्हा मालकाकडे दोनच वाटा होत्या, सगळं नवं आणायचं किंवा कुलूप लावायचं. कुलूप लागलं. वडील एका ट्रंकेसह गावी आले आणि पडवीत बसून राहिले. ते परत व्हायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. इथे टाकीवर, घसरणीवर, गेटवर मिळून जी माणसं होती, त्यातली बरीचशी माझ्या वडिलांच्या वयाची होती.

मुंबईचा एक एजंट येऊन गेला. त्यानं गुळगुळीत कागदावरची चित्रं दाखवली. नवं यंत्र, मोठं शीतगृह, सगळं एकदम. शेठनी चित्रं पाहिली, आकडा ऐकला आणि चहा मागवला. त्यानंतर त्या विषयाला कोणी हात लावला नाही.

मी दोन दिवस टाकीत थर्मामीटर धरून बसलो. डब्यांभोवतीच्या मिठाच्या पाण्याचा पारा नऊला डबे भरले की चढायचा आणि दुपार टळेपर्यंत खाली येत नसे. सगळं साधं पाणी एकदम आत जात होतं आणि कंप्रेसर त्याच्याशी झगडत होता. तिथूनच मला सुचलं, सगळे डबे एकदम भरायचेच कशाला? टाकीचे चार भाग करायचे. प्रत्येकाला पाण्याची वेगळी नळी, वेगळा व्हॉल्व्ह. एक भाग आज सकाळच्या भरतीला काढायचा, दुसरा संध्याकाळच्या, उरलेले दोन उद्याच्या भरतींना. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, आपणही रोज पाऊण तास पुढे सरकायचं. प्रत्येक भागाला गोठायला दोन दिवस मिळतात. रोज निघेल निम्माच बर्फ, पण बाकीचा तसाही गटारातच जात होता.

कंप्रेसर सांभाळणारा मिस्त्री ऐकून हसला. “चार वेळा गरम पाणी आत टाकणार? माझी मशीन मेली म्हणून समजा.”

“एकदम नाही, मिस्त्री. फक्त थोडं थोडं.”

“तुमच्या पुस्तकात वीज जाते का?”

“जाते. सकाळी दहाला गेली तर आता टाकीत काय असतं? सगळं पाणी. माझ्या पद्धतीनं तीन भाग आधीच बर्फ झालेले असतील.”

तो हसायचा थांबला. तंबाखू मळत टाकीकडे वळला. “शेठ काय म्हणतात?”

शेठ म्हणाले, “एकच भाग. बाकीच्याला हात लावायचा नाही. बिघडलं तर तेवढंच बिघडेल.”

तेव्हा मला हा अविश्वास वाटला होता. आता वाटतं की तीच सगळ्यात शहाणी परवानगी होती. पुढे नोकरीत कॉम्प्युटर आले, नवी यंत्रं आली, मोठमोठ्या बैठका झाल्या, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी सगळं एका रात्रीत बदलायचा बेत मांडला. मी तिथे एकच प्रश्न विचारत आलो, की याचा एक भाग काढला तर बाकीचं चालू राहील का? उत्तर ‘नाही’ असेल तर बेत कितीही चकचकीत असला तरी मला भीती वाटते.

नळ्या गावातल्याच प्लंबरनं बसवल्या. व्हॉल्व्ह जुन्या बाजारातले. त्या एका भागाचे डबे भरले, तेव्हा पारा जेमतेम हलला. मिस्त्रीनं थर्मामीटर स्वतः हातात घेऊन पाहिला, उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला आणि बाकीच्या तीन भागांच्या नळ्या कुठून जातील ते मला दाखवायला लागला. शेठनी मान हलवली. चारही भाग झाले.

कामगारांची मला काळजी होती, कारण आता कामाची वेळ रोज बदलणार होती. पण ती निघाली बिनकामाची. त्यांच्या घरी सगळं भरतीवरच चालायचं. भाऊ लाँचवर, बायका धक्क्यावर. सहाचा भोंगा हीच त्यांच्या दिवसातली एक वेगळी गोष्ट होती.

मी तांडेलाकडे गेलो. “उद्या भरतीच्या आधी अर्धा तास लाद्या तयार असतील.”

“लांज्याचा माणूस आम्हाला भरतीचं सांगतो,” तो शेजाऱ्याला म्हणाला. सगळे हसले. तरी म्हणाला, “एक लाँच लावतो. एकदाच.”

आणि नेमकं त्याच दिवशी फसलं. शेठ तारीख चंद्रदर्शनापासून मोजायचे, म्हणून ती आमच्या तिथीच्या एक मागे असायची. मिस्त्रीला हे माहीत होतं, तो त्यात एक मिळवायचा. पण या वेळी शेठनी स्वतःच एक मिळवून तिथी सांगितली होती, आणि मिस्त्रीनं त्यात आणखी एक मिळवला. एका तिथीचा पाऊण तास. लाद्या घसरणीवर आल्या तेव्हा तांडेलाची लाँच खाडीच्या तोंडाशी पोचली होती. तिच्यामागे उठलेल्या पाण्याच्या रेघा अजून काठाला लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर भेटला. “काय बीएस्सी, लांज्याहून भरती यायला उशीर झाला वाटतं?”

त्या संध्याकाळी ऑफिसात मिस्त्री म्हणाला, “शेठ, तुम्ही नवमी म्हणालात.”

“नवमीच होती.”

“मग मी दशमी केली.”

“कशाला केलीस?”

“तुम्ही नेहमी एक कमी सांगता म्हणून.”

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पोरगा म्हणतो तेच खरं. आमचं वय झालं.”

“शेठ, वयाचं काही नाही,” मी म्हणालो. “आपण हिशेब करतोय म्हणून चुकतोय. पाणी तर समोरच आहे.”

आमच्या कारखान्याच्या मागे खाडीत उतरायला जांभ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. मी त्यातल्या एका पायरीला चुन्याचा पट्टा ओढला. चढतं पाणी पट्ट्याला लागलं की फळ्या उचलायच्या. तिथी नको, चंद्र नको, घड्याळ नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी झपाट्यानं चढतं आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, सावकाश आणि कमी. म्हणून चार-पाच दिवस बघून भांगासाठी आणखी एक पट्टा खालच्या पायरीला ओढला. भांगाला लाँच कमी निघत. तेव्हा एक-दोन भाग आम्ही काढतच नसू. लाद्या टाकीतच गोठलेल्या राहत, भुशात वितळण्यापेक्षा ते बरं.

“मला पुढच्या उधाणापर्यंत द्या,” मी शेठना म्हणालो. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही नाही. मी ते हो समजलो.

तांडेलाकडे या वेळी मी बोलायला गेलो नाही. भरतीच्या वेळी दोन माणसं घेऊन लाद्या हातगाडीवर घालून सरळ त्याच्या लाँचपाशी गेलो. तो बंदराकडे वळायच्या बेतात होता. पाणी अजून चढत होतं.

“मी सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला.

“नको असेल तर परत नेतो.”

त्यानं लाद्यांकडे पाहिलं, खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. खलाशाला म्हणाला, “घे रे. वळसा वाचला.” मग माझ्याकडे वळून, “उद्या पण इथेच आणशील? की आजच्यापुरता पाहुणा म्हणून आलास?”

“उद्या पण.”

त्या आठवड्यात त्याची दुसरी लाँच आली. मग त्याच्या शेजाऱ्याची. सगळ्या परत आल्या असं मी म्हणणार नाही, काही बंदरावरच राहिल्या. पण दिवाळीच्या आधी भुशाचा ढीग निम्म्यावर आला होता, कारण झाकून ठेवायला बर्फच उरत नव्हता.

शेठचा मुलगा आला. हातात घड्याळ, अंगाला अत्तर, बोलायला शांत. त्यानं सगळा कारखाना फिरून पाहिला, व्हॉल्व्ह उघडून पाहिले, पायऱ्यांवरचे पट्टे पाहून हसला. मग ऑफिसात बसून त्यानं मला सरळ विचारलं, “हे आता ठीक आहे. पण दोन वर्षांत लाँच मोठ्या होतील. कोळंबी परदेशी जायला लागली की लादी कोणी घेणार नाही, फोडलेला बर्फ मागतील. तेव्हा तुम्ही काय करणार?”

“बदलू.”

“आणि त्यानंतर तेही बदललं तर?”

“तर तेही बदलू.”

“किती दिवस बंद ठेवायला लागेल कारखाना?”

“बंद नाही ठेवायचा,” मी म्हणालो. “एक भाग काढायचा. तीन चालू राहतात.”

तो वडिलांकडे वळला. “अब्बा, तुम्हाला हे पटतं?”

“मला काय पटायचं,” शेठ म्हणाले. “तांडेल सकाळी चहाला येऊन बसतो. नारळी पौर्णिमेपासून आला नव्हता.”

मुलानं जागेच्या गिऱ्हाइकाला आणखी एक वर्ष थांबायला सांगितलं. विकायचं नाही, असं कोणी बोललं नाही. एक वर्ष, एवढंच. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला बाजूला बोलावलं आणि म्हणाला, “अब्बांना सांगू नका, पण तो फोडायचा बर्फ लवकर मनावर घ्या.”

मी दोन वर्षं थांबलो नाही. पुढच्याच हंगामात, लाँच भरतीला निघून गेल्यावर, आम्ही चौथ्या भागाचे डबे काढायला घेतले. त्या जागी बर्फ फोडायचं मशीन बसवायचं होतं, चाकांवर, म्हणजे उद्या धक्का हलला तर तेही हलवता येईल. दारात तांडेल उभा राहून बघत होता.

“हे काय नवीन? संध्याकाळी बर्फ मिळणार ना मला?”

“तीन भागांतून मिळेल,” मी म्हणालो.

“नाय मिळाला तर बंदर लांब नाय हां.”

मिस्त्रीनं पान्हा बोल्टाला लावला, जोर दिला. बोल्ट गंजला होता. त्यानं पान्हा माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसरीकडून डबा धरला. “लावा जोर, बीएस्सी. पाणी पट्ट्याला लागायला अजून वेळ आहे.”