सहा वेळा ‘तक्रार नाही’

“नको शिस्टर, आज नको,” राणेबाई म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

माझ्या हातात प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण होता. आमच्या हॉस्पिटलात श्रावणात एकदा वॉर्डबॉय आणि आयांची सत्यनारायणाची पूजा असे. ओपीडीबाहेरच्या पॅसेजमध्ये चौरंग मांडत आणि त्या दिवशी पेशंटनाही प्रसाद मिळे. आदल्या वर्षी राणेबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. आज त्या पार दाराशी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. चौरंगाकडे बघतही नव्हत्या.

“उपास आहे का?”

“नाय. असाच.”

ईशा, निखिल, तुम्ही नातवंडं तिकडे परदेशात वाढलात म्हणून सांगते. आमच्याकडे पाळी आलेली बाई पूजेजवळ जात नसे, प्रसाद घेत नसे. कितीतरी घरांत अजूनही तसंच आहे. मला हे कधी पटलं नाही. पण त्या दिवशी मी त्यावरूनच ओळखलं. राणेबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्यांची पाळी जाऊन सात वर्षं झाली होती. ते त्यांच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मी द्रोण ठेवला आणि त्यांना ड्रेसिंग रूममध्ये घेऊन गेले.

तेव्हा मी लालबागच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात ओपीडीची सिस्टर-इन-चार्ज होते. गिरणी संप मोडून आठ-नऊ वर्षं झाली होती. राणेबाईंचे यजमान गिरणीच्या विव्हिंग खात्यात, म्हणजे विणकामाला होते. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. ते घरी बसले ते बसलेच. राणेबाईंची खानावळ होती, पण जेवणारे गिरणीतलेच, त्यामुळे तीही बसली. मग त्या बारशाचा, पूजेचा, लग्नाचा स्वयंपाक करायला जाऊ लागल्या. त्यांच्या हाताला चव होती. आणखी एक गोष्ट होती. त्यांची पाळी गेलेली असल्यामुळे त्यांना कुठल्याही दिवशी बोलावता येत असे. सोवळ्याचा स्वयंपाक, देवाचा नैवेद्य, सगळं त्यांच्याकडे. चाळीच्या गणपतीचा अकरा दिवसांचा नैवेद्य त्याच करत. घर त्यावर चालत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर होता. त्यानंतर टॅमॉक्सिफेन नावाची गोळी सुरू झाली. काही स्तनांचे कॅन्सर बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसले जातात. ही गोळी त्या हार्मोनची वाट अडवते. पाच वर्षं रोज घ्यायची. गोळी चांगली आहे, हे आधीच सांगते. तिने पुष्कळ बायका वाचवल्या. माझा राग गोळीवर नव्हता आणि आजही नाही.

पण ती फुकट काम करत नाही. अचानक अंगातून वाफ निघते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि पाठोपाठ थंडी वाजते. याला हॉट फ्लश म्हणतात. पोटऱ्यांत गोळे येतात. चिडचिड होते. राणेबाईंना दिवसातून दहा-बारा वेळा हॉट फ्लश येत. पहिल्या काही महिन्यांत त्यांनी ते रजिस्ट्रारला सांगितलं होतं. रजिस्ट्रार म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकणारा डॉक्टर. तो म्हणाला, “पंख्याखाली बसा.”

राणेबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, “शिस्टर, ह्यांच्या घरी स्टो नाय काय? पंखो लावलो तर स्टो इजता.”

मी आत जाऊन त्याला ते सांगितलं. त्याला वाटलं मी विनोद केला. तो हसला.

मग आम्ही दोघींनीच काय ते शोधलं. गळ्याभोवती ओला पंचा. शेजारी पाण्याचं पातेलं, वाफ आली की मनगटं त्यात बुडवायची. नायलॉनची साडी बंद, सुती चालू. दुपारचा चहा बंद, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. त्रास थांबला नाही, पण स्वयंपाक करता येऊ लागला. यातलं एक अक्षर कार्डावर नव्हतं.

कार्डावर काय होतं ते सांगते. आमचा फॉलो-अप, म्हणजे ऑपरेशन झालेल्या बायकांची नेहमीची तपासणी, दर गुरुवारी दुपारी असे. दोन तासांत साठ-सत्तर बायका. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, वेळ वाचवायला एक रबरी शिक्का करून घेतला होता. इंग्रजीत ‘नो फ्रेश कम्प्लेंट्स’. नवीन तक्रार नाही. क्लार्क सकाळीच सगळ्या कार्डांवर तो मारून ठेवायचा. बाई आत येण्याआधीच तिची तक्रार नसे. डॉक्टर छातीला आणि काखेला हात लावून गाठ बघत, खाली सही करत, पुढची बाई आत. तक्रार लिहायची तर शिक्का खोडावा लागे, आणि मोठ्या सरांचा शिक्का कोण खोडणार?

हे मी दीड वर्ष पाहत होते आणि गप्प होते. तेही लिहून ठेवते.

ड्रेसिंग रूममध्ये राणेबाई म्हणाल्या, “दार लावा आधी.”

मी कडी लावली. “अंगावर जातंय का?”

त्यांनी मान हलवली.

“कधीपासून?”

“शिमग्यापासून.”

म्हणजे पाच महिने.

“बोलला का नाहीत?”

“कोणाक सांगू? सगळे डॉक्टर माझ्या झिलाच्या वयाचे. आणि इचारता कोण? कार्ड घेतत, गाठ बघतत, चला.” मग म्हणाल्या, “पयला तर बरा वाटला माका. म्हटला, अंगात रगात भरला, म्हणान पाळी परत इली. आता मी बरी झालंय.”

त्या पुढे सांगत होत्या.

“मगे माझ्या ध्यानात इला. गोळी बंद केली की थांबता. चालू केली की पंधरा दिसांत परत सुरू. म्हणान सणाच्या आधी मी गोळी बंद ठेवतंय. नैवेद्य माझ्या हातचो असता ना. आता गणपती इले, उद्यापासून बंद करणार होतंय.”

चौथी शिकलेली बाई. एकटीने, कोणाला न सांगता, गोळी बंद करून आणि चालू करून तिने काय कशामुळे होतंय ते शोधून काढलं होतं. आमच्या खोलीत तीन डिग्रीवाले होते.

मी डिस्पेन्सरीत गेले. गोळ्यांच्या खोक्यात कंपनीचा एक कागद असतो. आमच्याकडे कंपाउंडर पट्ट्या कापून देत असे आणि तो कागद टोपलीत टाकत असे. मी टोपलीतून काढून वाचला. बारीक इंग्रजी अक्षर. रक्तस्राव तिथे छापलेला होता, पायात रक्ताची गुठळी होणंही. मला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या माझ्या वडिलांचे मी त्या दिवशी आभार मानले आणि मग वाटलं, ज्या बायकांसाठी ही गोळी आहे त्यांच्यापैकी किती जणींच्या वडिलांनी त्यांना गिरगावातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं.

स्तनामध्ये ही गोळी हार्मोनला अडवते. पण गर्भाशयात कधीकधी ती स्वतःच हार्मोनसारखी वागते. आतलं अस्तर जाड होतं. त्यातून रक्त जातं, आणि क्वचित तिथे कॅन्सर होऊ शकतो. पाळी गेलेल्या बाईच्या अंगावर एक थेंब जरी गेला तरी तपासायचं. हा नियम नर्सिंगच्या मुलींनाही शिकवतात.

मी कार्ड घेऊन रजिस्ट्रारकडे गेले.

“डॉक्टर, हिला गायनॅकला रेफर करा. पाच महिने ब्लीडिंग आहे.”

त्याने कार्ड पाहिलं. “सिस्टर, इथे तर काही नाही.”

“तिथे शिक्का आहे.”

“तेच म्हणतोय. सहा व्हिजिट्स, नो कम्प्लेंट्स.”

“तुम्ही विचारलं होतंत?”

“तिने सांगायला नको?”

“दार उघडं, रांगेतल्या दोन बाया आत, पडदा नाही. तुमच्या आईने सांगितलं असतं?”

“आईला कशाला मध्ये आणता, सिस्टर? सरांना विचारा. मी त्यांचं कार्ड बदलणार नाही.”

मोठे सर चहा घेत होते. त्यांनी ऐकून घेतलं. “या गोळीला म्हणण्यासारखे साइड इफेक्ट्स नाहीत. थोडे हॉट फ्लशेस. बायका घाबरून काहीही सांगतात.”

“ती घाबरून सांगत नव्हती, सर. घाबरून लपवत होती.”

“पुढच्या व्हिजिटला बघू.”

“पुढची व्हिजिट तीन महिन्यांनी आहे.”

“सिस्टर, तुम्ही नर्सिंग बघा.”

मी बाहेर आले. मी लाल पेन घेतलं, सहाव्या शिक्क्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, पाळी गेल्यानंतर पाच महिने रक्तस्राव, पेशंटला विचारून नोंद केली. सही केली, वेळ घातली. रेफर करण्याचा अधिकार मला नव्हता. पण वरच्या मजल्यावरच्या गायनॅकच्या डॉक्टरीणबाई कार्ड वाचतील एवढं मला माहीत होतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “सोमवारी क्युरेटिंग. रिकाम्या पोटी या.” क्युरेटिंग म्हणजे भूल देऊन गर्भाशयाचं आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवणं.

आता राणेबाई ऐकेनात.

“गणपती होऊंदेत. मगे येतंय.”

“नाही. सोमवारी.”

“शिस्टर, लोकांक कळला तर? शिमग्यापासून मी किती नैवेद्य केलंय. आता म्हणतील, ही बाहेरची होती नि देवाक जेवण घातल्यान. परत कोण माझ्या हातचा खातला?”

माझा आवाज चढला. मी त्यांना म्हटलं की हे रक्त पाळीचं नाहीच, हे दुखणं आहे, आणि दुखण्याला विटाळ कसला. हे बोलणं मला सोपं होतं. मी उद्या त्यांच्या चाळीत राहणार नव्हते. नैवेद्याचं काम सुटलं तर माझ्या घरची चूल विझणार नव्हती.

शेवटी मी म्हटलं, “चाळीत काय सांगायचं ते आपण ठरवू. सांगा, जुन्या ऑपरेशनची जागा तपासायला दोन दिवस ठेवलंय. मी चिठ्ठी देते.”

“खोटी?”

“खोटी.”

तेव्हा त्या तयार झाल्या. ज्या रूढीवर मी इतकी चिडले होते तिच्यासाठी मीच हॉस्पिटलच्या कागदावर खोटं लिहून दिलं. परत वेळ आली तर परत लिहीन.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. अस्तर फार जाड झालं होतं आणि पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर अजून नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर मी काही सांगू शकले नसते.” त्यांनी गर्भाशय काढायचं ठरवलं. गोळी बंद केली. मोठ्या सरांनी त्यावर न वाचता सही केली.

ऑपरेशन गणपतीच्या आदल्या आठवड्यात झालं. चाळीसाठी मी आणखी एक तशीच चिठ्ठी दिली. त्या वर्षी नैवेद्य राणेबाईंच्या सुनेने केला. राणेबाईंनी कॉटवर पडून तिला वाटपाचं माप सांगितलं. सून रोज भेटायच्या वेळेला येऊन आदल्या दिवशी कोण काय म्हणालं ते सांगे आणि राणेबाई कपाळाला हात लावत. “खोबरा कमी घातल्यान. माका हयसून वास येता.”

मला मेमो आला. डॉक्टरांच्या नोंदीत ढवळाढवळ. मेट्रनने बोलावून विचारलं, “माफी लिहून देता?” मी म्हटलं, “कशाची ते लिहून द्या, मग विचार करते.” त्यांनी कपाट उघडून मेमो फाइलला लावला. तो माझ्या रिटायरमेंटपर्यंत तिथेच होता. त्या वर्षीच्या हॉस्पिटलच्या अहवालात मोठ्या सरांनी लिहिलं की आमच्या काटेकोर फॉलो-अपमुळे एका रुग्णाचं वेळीच निदान झालं. ते वाचून मी अहवाल टेबलावर आपटला, तेव्हा तुमच्या आईने घाबरून अभ्यास थांबवला होता. तिला विचारा.

शिक्का बंद झाला नाही. क्लार्क तो सकाळी मारतच राहिला. मी इतकंच केलं की गुरुवारी प्रत्येक बाईला आधी ड्रेसिंग रूममध्ये घेतलं, कडी लावली आणि विचारलं. अंगावर जातं का? पाय सुजतो का? गोळी कधी बंद ठेवता, आणि का? तिसऱ्या प्रश्नाला बायका आधी हसत, मग सांगत. एकीचा नवरा म्हणे की गोळीने बाई तापट होते. एकीला वाटे की संकष्टीला गोळी चालत नाही. आणखी दोघींना रक्त जात होतं. त्यांच्या कार्डांवरही मी लाल रेघ मारली. त्यांचे मेमो आले नाहीत. बहुधा मेट्रनचे छापील फॉर्म संपले होते.

राणेबाई त्यानंतर खूप वर्षं जगल्या. हॉट फ्लश गोळी थांबल्यावर काही महिन्यांत गेले. चाळ पाडायला घेतली तेव्हा त्या सुनेबरोबर भांडुपला राहायला गेल्या.

मी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तुम्ही रविवारी फोन करता आणि विचारता, “आजी, सगळं ठीक ना?” मी ठीक म्हणते, कारण तो प्रश्न तेवढ्यासाठीच असतो. यापुढे नाव घेऊन विचारा. गुडघा कसा आहे, रात्री किती वेळा उठतेस, कुठली गोळी कंटाळून सोडून दिलीस. उत्तर लांब येईल. तेवढा वेळ असेल तेव्हाच फोन करा.