मागचा ब्रेक

अमरावतीत माझ्या भासऱ्यांइतक्या काळजीनं कोणी कोणाला अंघोळ घालत असेल, तर ती फक्त तान्ह्या बाळाला. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि ते अंघोळ घालतात सायकलीला. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाड टायरांची, डिस्कब्रेकची डोंगरी सायकल घेतली. दर रविवारी पहाटे परतवाड्याच्या दिशेनं निघायचं, दुपारी परतायचं आणि अंगणात धुणं मांडायचं. पाइपचा फवारा वर्ज्य, चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. बादली, प्लास्टिकचा मग आणि भांड्यांचा साबण, तोही माझ्या ओट्यावरचा. साखळीचं फडकं काळं, डिस्कचं पांढरं. दोघांची भेट होता कामा नये. साखळीला तेल देताना डिस्कना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. चाकाच्या मधल्या त्या चकचकीत चकतीला तेलाचं बोट जरी लागलं, तरी ब्रेक दाबताच सायकल किंचाळते. माझं माहेर अकोल्याचं. तिथल्या उन्हाळ्यात माणसांचेही एवढे लाड होत नाहीत.

एकदा मोर्शीचे व्याही आलूबोंडा खाता खाता कौतुकानं त्या डिस्कवर बोट फिरवून बसले. व्याह्यांना बोलणार कसं? भासऱ्यांनी हसत हसत स्पिरिटची बाटली आणली आणि त्यांच्यासमोरच डिस्क पुसली. मग व्याह्यांचं बोटही पुसून दिलं.

धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत ते अजून पाळतात. पूर्वी ते भिंतीशी बोलायचे आणि मी ऐकायचे. आता सायकलीशी बोलतात. "आज तुले साबन कमी पडून राहिला," असं ते हँडलला सांगतात आणि मी साबण नेऊन देते.

जाऊबाईंना मात्र या सायकलीची धास्ती. मागं एकदा घाटाच्या उतारावर भासरे घसरले आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून घरी आले. तेव्हापासून रविवारी जाऊबाईंच्या हातून काम होत नाही. अर्धी चिरलेली भेंडी तशीच पडून राहते. फोन करावा तर तो पिशवीत, बंद. त्यात सायकल इतकी मुकी की भासरे येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले तरी पत्ता नाही. "भुतासारखे येता तुमी," जाऊबाई दचकून म्हणायच्या, "आल्याचं कयतही नाही."

मग दसरा आला. भासऱ्यांनी सायकल धुऊन, पुसून उभी केली आणि कपडे बदलायला गेले. जाऊबाईंनी घरातल्या गाड्यांना तेलात कालवलेल्या कुंकवाचे टिळे लावले. सायकलीवर सगळ्यात लखलखीत जागा कोणती? दोन्ही डिस्क. आणि पूजेचं कुंकू भासरे पुसणार कसं?

पुढच्या रविवारी दुपारी कोपऱ्यावरून अशी किंकाळी आली की गल्लीतली कुत्री उठून बसली. "आले," म्हणत जाऊबाईंनी सुस्कारा सोडला आणि चहा ठेवला. भासरे तणतणत आत शिरले. समोर तयार चहा आणि पूर्ण चिरलेली भेंडी. त्यांनी आधी भेंडीकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे. बशीत ओतून चहा प्यायले आणि बादली घेऊन अंगणात गेले.

पुढच्या ब्रेकचे पॅड काढून घासले, डिस्क स्पिरिटनं पुसली. मागच्याला नुसतं पाणी मारलं. अर्धवट काम मला बघवत नाही. "मागचा राहिला," मी सीटला सांगितलं.

"थांबाले पुढचा पुरते," ते चाकाकडे बघत म्हणाले. "मांगचा बोलू दे. घरात कोनीतरी कान लावून बसते."

जाऊबाईंना त्यांनी हे कधीच सांगितलं नाही, मीही नाही. पण पावसाळ्याच्या चिखलापाण्यानं तो ब्रेक हळूहळू गप्प झाला आणि भेंडी पुन्हा अर्धी राहू लागली.

यंदाच्या दसऱ्याला भासऱ्यांनी पुढच्या डिस्कला पिशवी बांधली, मागची उघडी ठेवली, सायकल दाराकडे वळवली आणि आभाळ न्याहाळत उभे राहिले. जाऊबाई तबक घेऊन आल्या. त्यातलं कुंकू मी कालवलं होतं. तेल जरा सढळ हातानंच घातलं होतं.