कपाळावरचा भंडारा
भंडाऱ्याचा वास आला की मला वडीगोद्रीची ती रस्त्याकडेची चहाची टपरी आठवते. माझा डावा डोळा धुरकटला होता, पाय बधिर पडत होते, एमआरआयमध्ये मेंदूवर पांढरे डाग दिसले होते. डॉक्टरांना एमएसचा, म्हणजे नसांवरचं आवरण झिजवणाऱ्या आजाराचा, संशय होता. अँटिबॉडी तपासायला रक्त बाहेरगावी पाठवलं होतं. त्याचा रिपोर्ट आम्ही डॉक्टरांकडं जालन्याला निघालो असताना मोबाईलवर आला, निगेटिव्ह. करोनापासून आमच्या घरी निगेटिव्ह म्हणजे सुटलो. बाबांनी गाडी थांबवली, खिशातली पुडी सोडली आणि माझं कपाळ भरून भंडारा लावला. "आता बिलकुल भ्यायचं न्हाई," म्हणाले. टपरीवाल्यालाही लावला. जालन्यात डॉक्टरांनी आधी माझं कपाळ पाहिलं, मग रिपोर्ट. "एमएससारखाच दिसणारा दुसरा आजार असतो, तो आहे का हे बघायला ही टेस्ट होती. तो नाही. बाकीचे रिपोर्ट बघता आता एमएसच उरतो. आयुष्यभर औषध लागेल." "मंग आमी भंडारा कशाचा लावला?" बाबांनी विचारलं. पंख्याच्या वाऱ्यानं भंडारा माझ्या पापणीवर उतरत होता. आजही तो वास आला की मी हात कपाळाकडं नेते, आणि या आजारात हात अजून तिथवर पोचतो का, ते बघते.