डॅशबोर्डमागचा कट्टा आणि न झालेली नोंद

ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत, आणि जाऊ नयेत असंच मला वाटतं. मी तेव्हा धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. सेवेचं पाचवं वर्ष. त्यानंतर वर्षभरात मी राजीनामा दिला, त्यामुळे निवृत्त अधिकारी म्हणून आठवणी लिहायला माझं वय जरा कमी भरेल. चालवून घ्या. नाव कोणाचंच देत नाही. चूक कोणाची होती, ते मात्र सांगणार आहे.

डिसेंबर महिना, बुधवारची सकाळ. नऊच्या सुमारास माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. "मॅडम, पांढरी गाडी. आता पारोळ्याकडं निघेल. डाव्या बाजूला सामानाचा कप्पा असतो ना, त्याच्या वरच्या पट्टीमागं कट्टा आहे." गाडीचा नंबरही त्यानं दिला.

कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. खबर इतकी नेमकी होती की मी खूश झाले. इथेच पहिली चूक. खबर जितकी नेमकी, तितकं आधी विचारायला हवं की हे पाहिलं कोणी? मी विचारलं नाही. वरिष्ठांना कळवलं, दोन पंच घेतले आणि पारोळा रस्त्यावर नाकाबंदी लावली.

गाडी आली. चालवणारा खत-बियाण्यांचा व्यापारी, शहरात ओळख असलेला माणूस. आता झडतीचं चित्रीकरण करावंच लागतं, म्हणून एका शिपायानं मोबाइल धरला. आमच्या हवालदारांनी कप्प्यावरच्या पट्टीला बोटं लावली आणि पट्टी निघाली. मागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं. पंचनामा झाला, सगळे ठाण्यात आलो.

व्यापाऱ्याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. तो घाबरला होता, पण त्याचं उत्तर तयार होतं. "साहेब, डॅशबोर्डला उन्हानं तडा गेला होता. सोमवारीच जळगावला, पिंप्राळ्यात काम करून आणलंय. सगळं खोललं होतं त्यानं. आत काय कोंबलं, मला काय माहीत?"

आमच्या पोलीस निरीक्षकांनी विचारलं, "आडनाव काय त्याचं?"

व्यापाऱ्यानं सांगितलं.

"मग झालं. आणा त्याला."

आडनावात नेमकं काय झालं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज विचारते. गाडी ज्याच्या ताब्यात सापडली तो खुर्चीवर, आणि नव्वद किलोमीटरवरच्या कारागिराला आणायला जीप. हा तपास नव्हता. कोणाला खुर्ची द्यायची आणि कोणाला बाक, याची ती जुनी सवय होती आणि मीही तिच्यात सामील होते. जीपमध्ये मीच होते.

पिंप्राळ्यात त्याचा छोटा गाळा. सगळे त्याला नाना म्हणत. पन्नाशीचा, बारीक, बोटांवर चटक्यांचे डाग. बौद्ध कुटुंब, वडील रेल्वेत गँगमन होते. शेजारच्या दुकानदारांसमोर आम्ही त्याला उचललं. जळगावच्या स्थानिक ठाण्याला कळवलं नाही. धुळ्यात आणल्यावर ठाणे अंमलदारांनी नोंदवहीकडं हातही नेला नाही. याला आमच्याकडं 'बसवून ठेवणं' म्हणतात. अटक नाही, नोटीस नाही, नोंद नाही. माणूस बाकावर असतो आणि कागदावर कुठंच नसतो. चोवीस तासांत न्यायालयापुढं उभं करायचा नियम कागदावरच्या माणसाला लागू होतो, बाकावरच्या नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर सगळीकडंच चालतं. हो. म्हणूनच लिहितेय.

चौकशी मी केली.

"कट्टा कोणी दिला?"

"कोणता कट्टा मॅडम? मी प्लास्टिकचं काम करतो."

"आत तूच हात घातला होतास ना?"

"मला 'तुम्ही' नका म्हणू, पण मी तरी तुम्हाला अहो-जाहो करतो," नाना म्हणाला. मग आवाज न चढवता पुढं, "हात मीच घातला. पट्टी निघाली कशी, ते सांगा."

"प्रश्न मी विचारायचे."

"मग हाच विचारा ना."

मी चिडले. त्याला परत बाकावर पाठवलं. निरीक्षक म्हणाले, "दोन दिवस बसू दे. आपोआप बोलेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको एस.टी.नं आली. हातात डबा. फाटकावरच्या शिपायानं तिला थांबवलं, "अक्का, इथं तुमचं कोणी नाही."

ती अहिराणीत म्हणाली, "तो काय दखास बाकवर? मना नवरा शे तो. कोणता कागदवर आणेल शे त्यासले? तो कागद दखाडा."

बाकावर दिसणाऱ्या नवऱ्याला कोणत्या कागदावर आणलं, तो कागद ती मागत होती. शिपाई हसला. मी खिडकीतून ऐकत होते, मला हसू आलं नाही. मी बाहेर गेले. तिनं मला सांगितलं की गाळ्याच्या मालकानं सकाळीच आपलं कुलूप ठोकलं. पोलीस घेऊन गेलेल्या माणसाला तो गाळा देणार नव्हता. आत लोकांच्या तीन गाड्यांचं सामान अडकलं होतं. वीस वर्षांचा धंदा एका दिवसात बंद. नानावर गुन्हा अजून लागायचाच होता, शिक्षा आधीच सुरू झाली होती.

मी नानाला आत बोलावलं आणि म्हटलं, "नाना, बसा. पट्टी कशी निघाली ते दाखवते." झडतीचं चित्रीकरण मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. तेही त्याच्यामुळे.

तो मोबाइलवर वाकला. "थांबवा. मागं घ्या. आता बघा, हवालदारसाहेबांनी काय लावलं?"

"काही नाही. हात."

"दोन बोटं!" नाना पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "हाई मनं काम नही शे मॅडम. मी बसवलेली पट्टी दोन बोटांनी निघाली तर मी दुकानाची पाटी उतरवीन."

मग त्यानं मला त्याचं काम समजावलं. तडा गेलेली पट्टी तो मागच्या बाजूनं जोडतो. बारीक जाळीचा तुकडा सोल्डरिंगच्या गरम कावियानं प्लास्टिकमध्ये दाबतो. दर्शनी बाजू शेवटी: भेगा बुजवायची लांबी, पॉलिशपेपर, रंग. पट्टी मागच्या खाचांत क्लिपांवर बसते. जुन्या क्लिपा तो परत वापरत नाही, सगळ्या नव्या टाकतो. आणि काढताना पेचकस कधीच लावत नाही, बांबूची पाचर करून तिच्यावर कापड गुंडाळतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हिवाळ्यात सकाळी तो डॅशबोर्डला हात लावत नाही. गाडी दुपारपर्यंत उन्हात ठेवतो. गारठ्यात प्लास्टिक ताठरतं आणि क्लिप काडीसारखी मोडते. गिऱ्हाईक कितीही घाई करो, नाना त्याला चहा प्यायला पाठवतो.

"गाडी कुठंय?" त्यानं विचारलं.

गाडी ठाण्याच्या आवारात सीलबंद होती. निरीक्षक म्हणाले, "आरोपीला मुद्देमालाजवळ नेता काय?" मी म्हटलं, "आरोपी असेल तर नोंद दाखवा." मी पंच बोलावले, सील काढलं, चित्रीकरण सुरू केलं.

नानानं गाडीला हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. पट्टीमागच्या पोकळीत पंचांना चार मोडक्या क्लिपा सापडल्या. पांढऱ्या, नव्या. नाना म्हणाला, "ह्या मन्याच शेतस. सोमवारी टाकल्या. मी मोडल्या असत्या तर आत कशाला ठेवल्या असत्या? कोणीतरी गारठ्यात उचकटलंय, आणि परत नुसतं टेकवून ठेवलंय."

पट्टी आपल्याच जोरानं निघाली, यावर हवालदार अजून अडून होते. तालमीतला गडी, त्यांना आपल्या बोटांचा अभिमान. नानानं जळगावच्या दुकानातून नव्या क्लिपा मागवल्या, तिसऱ्या दिवशी गाडी उन्हात ठेवली आणि दुपारी पट्टी नीट बसवली. "ओढा साहेब."

हवालदारांनी ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग पाय टेकवून.

"जपून," नाना म्हणाला, "सासऱ्यानं दिलेली गाडी नाही ती."

सगळं आवार हसलं. हवालदारही हसले, आणि घाम पुसत म्हणाले, "मॅडम, हा माणूस खरं बोलतोय." जे मी दोन दिवसांपूर्वी म्हणायला हवं होतं.

पुढचं काम सरळ होतं. सोमवारी संध्याकाळी गाडी धुळ्याला आली आणि बुधवारपर्यंत व्यापाऱ्याच्या अंगणातच होती. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. मी खबऱ्याला बोलावून तो प्रश्न विचारला, जो आधी विचारायचा होता. "तू पाहिलंस?"

"नाही मॅडम. त्या व्यापाऱ्याच्याच धाकट्या भावानं सांगितलं. म्हटलं, घरचाच सांगतोय म्हणजे पक्की खबर."

व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ ठाण्यात आला तो थोरल्याची काळजी चेहऱ्यावर घेऊन. मी त्याला ओरडले नाही. गाडीजवळ नेलं आणि म्हटलं, "कप्प्यावरची पट्टी कुठून उघडते, सांगता?" त्या पट्टीची फट बंद गाडीत दिसत नाही, दार उघडल्यावर कडेला दिसते. ज्याला माहीत नाही तो आत बसून समोरून ओढतो. आमचे दोन शिपाई तेच करून बसले होते. या माणसानं आधी डावं दार उघडलं आणि थेट कडेला बोट नेलं. मग ते बोट तिथंच थांबलं. त्याच्याही लक्षात आलं.

संध्याकाळी तो बोलला. दुकानाचा परवाना थोरल्याच्या नावावर होता. थोरला आत गेला की दुकान याच्या हातात. बुधवारी पहाटेच्या गारठ्यात त्यानं पट्टी उचकटली होती. नुसत्या कबुलीवर आम्ही थांबलो नाही. टेपच्या आतल्या चिकट बाजूवरच्या ठशांचा अहवाल काही दिवसांनी आला, तोही त्याच्याच बोटांचा.

कबुलीच्याच संध्याकाळी निरीक्षकांनी माझं कौतुक केलं आणि नानाला म्हणाले, "जा घरी. तुझं काम झालं."

नाना उठला नाही. "साहेब, मला सोडलं असं लिहून द्या. गाळामालकाला दाखवायचंय."

"तुला आणलंच नाही, तर सोडलं कसं लिहायचं?"

ते वाक्य त्यांनी चेष्टेनं म्हटलं नव्हतं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, आणि तेच भयंकर होतं. नोंद नसली की अन्याय सिद्ध होत नाही एवढंच मला माहीत होतं. निर्दोष असणंही सिद्ध होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

मी ठाणे अंमलदारांच्या टेबलाशी बसले आणि विलंबानं नोंद घेतली. या इसमाला मी स्वतः जळगावहून आणलं, स्थानिक ठाण्याला कळवलं नाही, दोन दिवस विनानोंद बसवून ठेवलं, तपासात त्याच्याविरुद्ध काही निष्पन्न झालं नाही, त्याच्याच मदतीनं गुन्हा उघड झाला. खाली सही. निरीक्षक म्हणाले, "स्वतःच्या हातानं खड्डा खणतेयस." आठवड्यात मला खुलासा मागणारी नोटीस आली. तिच्यातला आरोप खरा होता, म्हणून मी तो मान्य केला.

नानानं माहिती अधिकारात त्या नोंदीची प्रत काढली. गाळामालकानं ती दोनदा वाचली आणि कुलूप काढलं. काही गिऱ्हाइकं परत आली, काही अजून दुसरीकडं जातात.

मी माफी मागायला पिंप्राळ्याला गेले होते. नाना एका पट्टीवर लांबी लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "तुम्ही चांगल्या म्हणून लिहिलं मॅडम. नसत्या, तर मी कुठं गेलो असतो? बठ्ठं, सगळंच, तुमच्या चांगुलपणावर ठेवायचं का आम्ही?"

आता मी वस्त्यांमध्ये सभा घेते आणि एकच गोष्ट सांगते: कोणाला नेलं की ठाण्यात जा आणि नोंद क्रमांक मागा, रडू नका, हात जोडू नका, क्रमांक मागा. एखादा चांगला अधिकारी भेटेल, या भरवशावर कोणी बाकावर बसू नये. चांगले अधिकारी चुकतात. मी चुकले होते.