तिरोडीच्या बसमधली थैली

नोकरी लागली तेव्हा मला सव्विसावं चालू होतं, आणि तोवर मी स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता. आमच्या घरात तसा नियमच होता, आणि तो आईने घातला होता. तिरोडीला खाणीच्या साहेबलोकांकडे तिने वर्षानुवर्षं धुणीभांडी केली. मी बादलीजवळ गेले की ती ओरडायची, "तू पुस्तक धर. तुह्या हाताले साबण नाही लागला पाहिजे." मी पुस्तक धरलं. मला ते सोयीचंही होतं.

बालाघाटला एका सरकारी कचेरीत बाबूची जागा मिळाली. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात एक कुर्ता बादलीत भिजवला आणि विसरले. वास सुटला तेव्हा आठवला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काहून हात घालतं त्याच्यात? थैलीत भर अन् बसमंधी देऊन दे. कंडक्टर आपल्याच गावचा हाय."

तेव्हापासून शनिवारी मळक्या कपड्यांची थैली तिरोडीला जायची आणि सोमवारी इस्त्रीच्या घड्या होऊन परत यायची. मी त्यात सगळंच भरायचे, आतले कपडेसुद्धा. आईच तर धुणार, त्यात लाजायचं काय? बसस्टँडवर थैली घेताना एकदा ऑफिसातल्या मॅडमने पाहिलं. "घर से खाना आया क्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हाँ मॅडम."

हिवाळ्यात एकदा सोमवारची जोडून सुट्टी आली आणि रविवारी मी न सांगता गावाला गेले. घराला वळसा घालून मागच्या बाजूने शिरले. नळाजवळ बाबा बसले होते. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, समोर बादली, आणि फरशीवर माझा पिवळा कुर्ता. ते कॉलर घासत होते, मधेच थांबून खोकत होते. खाणीतून रिटायर झाल्यापासून त्यांचा खोकला गेला नव्हता.

मला पाहून ते दचकले. "काहून वं, न सांगता आली?"

"आई कुठं आहे?"

"आत हाय. पाय घसरला न तिचा अंगणात. हात मोडला."

आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. रोज संध्याकाळी मी तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. ती मला फक्त चेहरा दाखवत होती.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय होते? तुही नवी नवी नोकरी."

"अन् कपडे?"

ती दुसरीकडे पाहू लागली. "तुहे बाबा धुतात न."

मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. तिथे एका कोपऱ्यात दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर बाबांचा जुना गमछा पसरलेला होता. हात पुसायला मी तो ओढला. खाली माझे आतले कपडे वाळत होते, एका ओळीत, प्रत्येकाला चिमटा लावलेला. कोणाला दिसू नयेत म्हणून बाबांनी ते घरात वाळत घातले होते आणि वरून झाकले होते.

मी मागे वळले तर दारात बाबा उभे होते, हातात बादली घेऊन. त्यांनी मान खाली घातली आणि परत नळाकडे गेले. गमछा परत दोरीवर टाकताना माझ्याकडून तो दोनदा खाली पडला. जमीन फाटून पोटात घ्यावं असं का म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने बाहेर जाऊन मी म्हटलं, "द्या बाबा. मी धुते."

"राहू दे. झालंच हाय."

मी बादली ओढूनच घेतली. ते उठले आणि चपला घालून चौकाकडे निघून गेले. मला कुर्ता नीट पिळताही येत नव्हता. शेजारची काकू भिंतीवरून बघत होती. "आज मॅडम कपडे धुऊन राह्यली काय?" तिने विचारलं. म्हणजे थैली येते आणि त्यातले कपडे कोण धुतं, हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

आवाज ऐकून आई दारात आली. "उठ तिथून! याच्यासाठी शिकवलं काय तुले?"

"आई, बाबा धुतात ते चालते?"

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. मी कपडे घासत राहिले. तिच्याजवळ जायचंही मला सुचलं नाही.

बालाघाटला परतल्यावर मी बादली, ब्रश आणि साबण आणला. गडद लाल ओढणीचा रंग लागून ऑफिसचे दोन कुर्ते गेले. घरमालकीण हसली. गॅसचं सिलिंडर लावणं, भाताला पाणी किती घालायचं, हे सगळं मी त्या वर्षी शिकले. ज्या वयात आई मला वाढवत होती, त्या वयात.

बाबांशी त्या दिवसाबद्दल मी कधीच बोलले नाही. अजूनही गावाला गेले की जेवताना त्यांच्याकडे सरळ बघवत नाही. तेही ताटाकडे बघूनच विचारतात, "बस टायमावर होती काय?"

प्लास्टर निघाल्यावर आईचा फोन आला. "आता थैली काहून नाही पाठवत?"

"मीच धुते आई."

"मळ निघते काय?"

"नाही निघत."

"मंग?"

"तसेच घालते."

ती मग हळूच म्हणाली, "कॉलरले पहिले साबण लावून ठेवत जाय. मंग घास."